पुढच्या दोन ओळी

ज्या गाण्यावरून माझा आणि अहिल्याबाई सरनाईक यांचा वाद झाला ते अवघ्या चार ओळींचे होते, आणि वाद झाला तेव्हा ते कोणी रचले हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

अमेरिकेतल्या कॅरी गावातील आमच्या मराठी मंडळाची पाडव्याची स्मरणिका गेली अकरा वर्षे मी तपासतो. माझा दिवस एका औषध कंपनीत इतरांचे अहवाल तपासण्यात जातो. त्यामुळे दुसऱ्याच्या मजकुरात दोष दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. मंडळातली तरुण मंडळी माझ्या माघारी मला 'स्पेलचेक काका' म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यावर माझा आक्षेप एवढाच, की ते यंत्र फक्त शब्द तपासते. मी अर्थही तपासतो. निदान तसा माझा समज होता.

यंदा मुलांसाठी एक नवे सदर ठरले होते. प्रत्येक मुलाने आपल्या आजीकडून वा आजोबांकडून एक जुने गाणे शिकायचे, ते स्मरणिकेत छापायचे आणि रविवारच्या कार्यक्रमात रंगमंचावर म्हणायचे. कार्यक्रमाची सूत्रे अस्मिताकडे होती. तिच्या आई अहिल्याबाई सहा महिन्यांसाठी भारतातून आल्या होत्या, आणि अस्मिताच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इशिताने, त्यांच्याकडून शिकलेले गाणे माझ्याकडे आले ते असे:

काकू चालली, काकू चालली,
चप्पल घेतली हातात,
भोंगा वाजला भों भों भों,
काकू बसली ट्रकात.

मी त्यावर एक संपूर्ण संध्याकाळ खर्च केली. माझा युक्तिवाद असा होता: लोकगीतात घर सोडून निघते ती काकू नव्हे, सासरी जाणारी लेक. भोंगा आणि ट्रक ही उघडच अलीकडची भर. जुन्या शब्दांचा अर्थ कळेनासा झाला की गाणारी माणसे ओळखीच्या वस्तू त्या जागी बसवतात. आणि हातात चप्पल घेऊन निघालेली नववधू तर कुठल्याच परंपरेत सापडत नाही. तिथे मूळचा चुडा असणार. मी एकेक थर खरवडून काढला आणि माझ्या मते जो मूळ पाठ होता तो सिद्ध केला:

ताई चालली, ताई चालली,
चुडा भरला हातात,
सनई वाजली पों पों पों,
ताई बसली रथात.

खाली टीप दिली: 'पारंपरिक. पाठवणीचे गीत. प्रचलित पाठ भ्रष्ट असल्याने संपादकाने तो शुद्ध केला आहे.' माझी पत्नी सुमेधा हिने ते वाचून विचारले, की त्या आजींना एकदा फोन करून विचारायचे नाही का? मी म्हणालो, की गाणाऱ्याला गाण्याचा इतिहास माहीत नसतो.

बुधवारी संध्याकाळी अहिल्याबाईंचाच फोन आला. आवाज शांत होता, इतका शांत की समोरचा माणूस रागावला आहे हे कळायला मला दोन वाक्ये लागली. त्यांनी माझी दुरुस्ती वाचली होती आणि त्यांना ती नको होती. मी त्यांना छंद समजावून सांगितला, पाठभेद म्हणजे काय ते सांगितले, लोकगीते कशी बिघडत जातात याची चार उदाहरणे दिली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"पाठकसाहेब," त्या म्हणाल्या, "मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं स्टेनो होते. साक्षीदार अडखळला, चुकला, अर्धं वाक्य बोलून गप्प बसला, तरी तोंडातून निघालं तेच उतरवायचं. तुम्ही तर साक्षच बदललीत."

मी म्हणालो, गाणे म्हणजे साक्ष नव्हे.

"हे आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे देतो. गाण्यातली काकू म्हणजे त्यांची आई. अहिल्याबाई आठ वर्षांच्या असताना एका पहाटे ती घर सोडून गेली आणि पुन्हा कधीही दिसली नाही. त्यांच्या वसाहतीतल्या कुणा लहान पोराने तिला जाताना पाहिले असावे, कारण त्याच संध्याकाळी पोरे हे गाणे म्हणू लागली. आई ट्रकात बसून गेली हे घरच्यांना कळले ते या गाण्यावरून. दुसरा साक्षीदार नव्हता. वडिलांनी पोरांना दटावून विचारले, पण प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव घेई. गाणे कुणाचे ते कधीच कळले नाही. वर्षभर पोरे ते म्हणत राहिली, आणि अहिल्याबाई ते खिडकीच्या आत बसून ऐकत राहिल्या.

स्मरणिकेत द्यायला हेच गाणे त्यांनी का निवडले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, की इथे सगळ्या गावांची माणसे आहेत; कार्यक्रमाचा व्हिडिओ चार ठिकाणी जाईल; कोणीतरी ओळखेल. सांगली-कोल्हापुरात त्यांनी ते असे कितीतरी ठिकाणी छापून आणले होते. त्या पोराला, आता तो म्हातारा असणार, त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता: निघताना आईने आमच्या दाराकडे वळून पाहिले का?

"म्हणून त्यातली चप्पल हलता कामा नये," त्या म्हणाल्या. "ट्रक हलता कामा नये. ज्यानं केलंय त्याला ते ओळखू यायला हवं."

कोणताही सभ्य माणूस इथे क्षमा मागून गप्प बसला असता. मी क्षमा मागितली, मूळ पाठ पूर्ववत करण्याचे कबूल केले, आणि वर हेही सुचवले, की माझा पाठ तळटीपेत पर्यायी म्हणून राहू द्यावा. त्यांनी फोन ठेवला.

त्यांची वसाहत कोणती, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. पण मी वाद हरलो होतो, आणि हरलेल्या माणसाला तपशील विचारायचे सुचत नाही. शिवाय वसाहती महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत. माझे वडील साखर कारखान्यांत केमिस्ट होते, आणि माझ्या वयाच्या पहिल्या दहा वर्षांत आम्ही तीन कारखान्यांच्या वसाहतींत राहिलो. पहिल्या वसाहतीतला मला मळीचा वास आठवतो, धुराडे आठवते आणि लाकडी पट्टीचा एक मार आठवतो. मार कशासाठी होता ते नाही. मोठेपणी एकदा आईला विचारले तेव्हा तिने 'वात्रटपणा केला होतास' एवढेच सांगून विषय बदलला होता.

शुक्रवारी संध्याकाळी अस्मिताच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांची तालीम होती. शनिवारी सकाळी स्मरणिका छपाईला जायची होती, रविवारी कार्यक्रम, आणि सोमवारी दुपारी अहिल्याबाई परत जाणार होत्या. दुरुस्त पानाची प्रत घेऊन मी गेलो. त्यांनी ते पान डोळ्यांखालून घालून त्यावर सही करावी, अशी माझी इच्छा होती. झालेल्या चुकीचे परिमार्जन कागदावर असलेले बरे. पाइनच्या झाडांच्या पिवळ्या परागधुळीने पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या माखल्या होत्या. आत दहा-बारा मुले धावत होती आणि अस्मिता फोनवर कोणाला तरी साउंड सिस्टिमबद्दल बजावत होती.

अहिल्याबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. लहान चणीच्या, ताठ बसलेल्या. हात मांडीवर असे ठेवलेले की जणू पुढ्यात टाइपरायटर आहे. मी पान दिले. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी बोट फिरवून वाचल्या, तळटीप गेल्याची खात्री केली आणि मान हलवली. सही करायला पेन मागितले. मी खिशात हात घातला, तेवढ्यात इशिताची पाळी आली.

आतापर्यंत ते गाणे मी केवळ कागदावर पाहिले होते. चाल असेल, याचा विचारही मी केला नव्हता.

इशिता मांडी घालून बसली. तिने उजवा हात उजव्या गुडघ्यावर मारला, मग डावा डाव्यावर, मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या, आणि त्या ठेक्यावर म्हणू लागली. गुडघा, गुडघा, मूठ. काकू चालली, काकू चालली. दुसऱ्या ओळीपर्यंत मी केवळ ऐकत होतो. तिसरी ओळ यायच्या आधी माझा उजवा हात वर गेला. पेन त्याच हातात होते. भोंग्याची साखळी ओढावी तसा मी तो हवेत तीनदा खाली ओढला, आणि पहिल्या 'भों'ला मला दिसले, की समोर इशितानेही अगदी तसाच हात वर केला आहे. मी तिच्या आधी केला होता.

चौथी ओळ म्हणून ती उठली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या आत कुणीतरी संथ, स्पष्ट आवाजात पाचवी ओळ म्हणाले:

"काकूनं केलं श्श श्श श्श."

तो आवाज माझा होता. माझे बोट ओठांवर होते.

"आजी, ही इज ॲडिंग स्टफ," इशिता म्हणाली.

अहिल्याबाई उठल्या नाहीत. त्यांनी हातातले पान घडी करून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. मी काय करावे? मी तेच केले जे मला येते. मी युक्तिवाद केला. म्हणालो, की चार ओळींचा बंध कानाला अपुरा वाटतो, तिसऱ्या ओळीतल्या तिहेरी ध्वनीला जोड हवी असते, म्हणून सहज एक पूरक ओळ सुचली. बोलताना मला माझेच शब्द दुरून ऐकू येत होते. सगळे वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि सगळे खोटे होते.

"ओठावर बोट ठेवलंत," त्या म्हणाल्या. "ते कुठल्या छंदात बसतं?"

मी पेन खिशात परत ठेवले.

"वडील काय करत?"

"केमिस्ट होते. साखर कारखान्यात."

त्यांनी कारखान्याचे नाव घेतले. मी होय म्हणालो. त्यांनी क्वार्टरचा नंबर विचारला. तो मला माहीत नव्हता, पण दाराशी पाण्याची सिमेंटची टाकी होती, असे मी सांगितले. सांगेपर्यंत ती टाकी मला आठवत नव्हती.

"पाठक केमिस्टांचा दत्तू," त्या म्हणाल्या. पंचावन्न वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

अस्मिता धावत आली. आईचा चेहरा पाहून तिने इंग्रजीत मला विचारले, की काय झाले, आणि आईला म्हणाली, "आई, तू स्ट्रेस घेऊ नकोस हं, मंडेला फ्लाइट आहे, आपण हे नंतर डिस्कस करू." अहिल्याबाईंनी तिला मुलांकडे परत पाठवले. मग मला विचारले, की तुमची गाडी कुठे आहे. इथे पोरांचा गोंगाट आहे.

आम्ही माझ्या गाडीत बसलो. मी स्टिअरिंगमागे, त्या शेजारी. काचांवर पिवळा थर होता, त्यामुळे बाहेरचे धूसर दिसत होते. इंजिन बंद. कुठेही जायचे नव्हते.

त्यांनी उलटतपासणी सुरू केली. दुसरा शब्द त्यासाठी मला सापडत नाही. त्या क्रमाने विचारत होत्या आणि प्रत्येक उत्तरानंतर थोडे थांबत होत्या, जणू उतरवून घ्यायला वेळ देत होत्या. त्या वेळी मी कुठे होतो? टाकीमागे, परसाकडे निघालो होतो. उजाडले होते का? नाही, पण कारखान्याचे दिवे होते, हंगाम चालू होता. तिच्याबरोबर कोणी होते का? ट्रकमध्ये ड्रायव्हर असणार. मी त्याला पाहिले नाही. सामान? आठवत नाही. कोणी तिला ओढत होते का? नाही. रडत होती का?

"माहीत नाही," मी म्हणालो.

"अंगावर काय होतं?"

"माहीत नाही. चप्पल हातात होती. दोन्ही. एका हातात."

"घाईत होती?"

"नाही. हळू चालत होती. आवाज होऊ नये तशी."

हे सांगताना मला ती खरोखर दिसत होती. मातीत उमटणारी पावले, आणि टाचा उचलून चालण्याची ती सावध लकब. अहिल्याबाईंनी डोळे मिटले होते.

"वडील म्हणायचे, चप्पल हातात घेऊन चोर जातो," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, मी जागी होऊ नये म्हणून घेतली. दोघांचंही म्हणणं बसतं त्या ओळीत. आयुष्यभर दोन्ही बसत आलंय." मग त्यांनी डोळे उघडले. "आता नीट आठवून सांगा. आमचं दार टाकीच्या समोर होतं. तिनं दाराकडे पाहिलं?"

इथे मला थांबावे लागते, कारण त्या क्षणी माझ्या मनात जे आले ते लिहायला मला लाज वाटते आणि न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मला वाक्य सुचले होते. 'ट्रकाच्या पायरीवर पाय ठेवताना ती थांबली आणि तुमच्या दाराकडे पाहत राहिली.' वाक्य चांगले होते. त्यात काही अशक्य नव्हते. घर सोडणाऱ्या आईच्या मनाशी, त्या प्रसंगाशी, सगळ्याशी ते जुळत होते. काही दिवसांपूर्वी असल्याच जुळणीच्या बळावर मी चपलेचा चुडा केला होता. शेजारी बसलेली बाई पंचावन्न वर्षे ज्या वाक्यासाठी थांबली होती ते मी तिला अर्ध्या मिनिटात देऊ शकत होतो, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करणारा जगात कोणी उरला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हतो."

   त्यांनी कोरड्या आवाजात विचारले, की मग मी कुठे पाहत होतो.

मी आठवत गेलो. तिने मला टाकीमागे पाहिले, जवळ आली, ओठांवर बोट ठेवले, इथपर्यंत होते. पुढे भिंत. मी सांगितले, की गाणे सहा ओळींचे होते याची मला खात्री आहे. पाचवीनंतर एक होती. त्या संध्याकाळी पिंपळाच्या पारावर मी ते पोरांना म्हणून दाखवू लागलो. पोरे चार ओळी घोकत होती तोच माझे वडील कामावरून येताना तिथे पोचले. त्यांनी ऐकले, कानाला धरून घरी नेले आणि पट्टीने मारले. शेजारच्या घरावर आलेल्या संकटाचे गाणे करतोस? म्हणून पुढच्या दोन ओळी पोरांपर्यंत पोचल्याच नाहीत. महिन्याभरात आमची बदली झाली. मार कशासाठी होता, ते मला माझे वाक्य पुरे होईपर्यंत कळले नव्हते.

"म्हणा," अहिल्याबाई म्हणाल्या.

"आठवत नाही हो."

"आठवायला सांगत नाहीये. म्हणा." आणि त्यांनी आपला उजवा हात गुडघ्यावर मारला, मग डावा, मग मुठी.

साठी उलटलेली दोन माणसे भर पार्किंगमध्ये, बंद गाडीत, गुडघे बडवत होती. बाजूने कोणीतरी कुत्रा घेऊन गेले, त्यांनी आत पाहिले असावे. पहिल्या खेपेला मी पाचव्या ओळीवर अडलो. दुसऱ्या खेपेलाही. त्या थांबल्या नाहीत. ठेका जराही न बदलता पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या. एकतीस वर्षांची शिस्त होती ती. तिसऱ्या खेपेला मी आठवण्याचा प्रयत्न सोडून दिला, नुसता त्यांच्या मुठींकडे पाहत राहिलो, आणि 'श्श'नंतर मूठ आपटताच तोंड पुढे चालू राहिले:

"दोन गोळ्या पोटात."

ठेका थांबला.

"कसल्या गोळ्या?" त्यांनी विचारले.

"लिमलेटच्या," मी म्हणालो. "केशरी. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर ठेवल्या. मी गोळ्यांकडे पाहत होतो. म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही."

त्या मला थांबवणार, असे वाटले. पण त्या ऐकत होत्या. माझ्या डोक्यात आता आणखी काही येऊ लागले होते, आणि ते येऊ द्यावे की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी मी ते आहे तसे त्यांच्यापुढे ठेवले. म्हणालो, "'एक तुला, एक अहिल्याला दे', असे शब्द मला ऐकू येत आहेत. पण ते आत्ता येत आहेत, तुम्ही शेजारी असताना. ते गाण्यात नाहीत. गोळ्या गाण्यात आहेत, त्याची मी हमी देतो. या शब्दांची देत नाही. ते मी आत्ता रचले असू शकतील."

"मग ते राहू द्या," त्या लगेच म्हणाल्या. "ते उतरवायचे नाहीत."

त्या समोरच्या पिवळ्या काचेकडे पाहत होत्या. बोलू लागल्या तेव्हा माझ्याशी बोलत आहेत की नाही, हे कळत नव्हते.

"दर शनिवारी ती बाजाराला जायची. येताना पदरात बांधून दोन लिमलेटच्या गोळ्या आणायची. दोनच. एक मी रात्री खायची, एक सकाळी. ती गेली तो रविवार. आदल्या संध्याकाळी मी हात पुढं केला, तर म्हणाली, आज नको, उद्या देते." त्यांनी श्वास घेतला. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, अस्मिताला नाही. मला वाटायचं, आणल्याच नव्हत्या. जायचंच होतं, तर गोळ्या कशाला आणेल? उद्या म्हणाली ते मला टाळायला म्हणाली."

मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग मोजके असतील.

"आणल्या होत्या," त्या म्हणाल्या. "उद्या द्यायलाच ठेवल्या होत्या. मग मला उठवायचं धैर्य झालं नसेल. गाठ तशीच राहिली. आणि मग टाकीमागं तू भेटलास."

हे सगळे तर्काने येत होते, आणि तर्कातल्या फटी शोधणे हा माझा धंदा आहे. मी शोधल्या. एकही सापडली नाही. 'दोन' हा आकडा सहा वर्षांच्या मुलाने गाण्यात घातला होता. त्या दोन कुणाच्या, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्या मुलीला ते ठाऊक होते तिने ती ओळ कधी ऐकलीच नव्हती. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्यासाठी ते रचता आले नसते.

त्यांनी मांडीवरचे घडी केलेले पान उघडले, एकदा पाहिले, आणि चार तुकडे करून पर्समध्ये टाकले. म्हणाल्या, की हे आता छापायचे नाही. इशिता रविवारी दुसरे काहीतरी म्हणेल. तिला चांदोबाचे एक येते. पान रिकामे राहत असेल तर तिथे काय हवे ते घालावे. मी विचारले, की सहा ओळी पूर्ण करून, खरा इतिहास देऊन छापले तर? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की वाक्य मी अर्ध्यावरच सोडले. गाणे त्यांनी ठिकठिकाणी पाठवले होते ते एका माणसाला शोधायला. माणूस सापडला होता.

क्लबहाउसच्या दारात अस्मिता येऊन उभी राहिली होती, हात उंचावून विचारत होती, की निघायचे का. अहिल्याबाईंनी तिला बोटाने थांबवले.

"दोन्ही खाल्ल्यास?" त्यांनी विचारले. 'तुम्ही' कधी गळून पडले ते आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

"दोन्ही."

"चांगल्या होत्या?"

मी खरे तेच सांगितले. म्हणालो, की पहिली चघळून चघळून खाल्ली, जीभ केशरी झाली का ते टाकीच्या पाण्यात वाकून पाहिले. दुसरी मात्र कोणी पाहील या भीतीने कडकड चावून गिळून टाकली. तिची चव लागली नाही.

"वाया घालवलीस," ती म्हणाली, आणि दार उघडून उतरली.